उंबराखालचं भरीत

जाण्यापूर्वीच माझं उत्तर ठरलेलं होतं, हे आधी कबूल करते. उत्तर होतं 'नाही', आणि ते गोड शब्दांत कसं सांगायचं याची चिपळूणपासून कल्याणपर्यंत मी मनातल्या मनात उजळणी करत होते.

प्रश्न असा होता. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक मधुरा जळगावला दिलेली. जावईबापू नितीन तिथल्याच एका पाइपच्या कारखान्यात आहेत. दोघं वर्षभर माझ्यामागे लागली होती, की एकटी कशाला राहतेस, कायमची इकडे ये. मी वर्षभर 'बघू' म्हणत होते. आमच्या कोकणात 'बघू' म्हणजे 'नाही', पण खानदेशात त्याचा अर्थ 'बघू' असाच घेतात, त्यामुळे प्रकरण लांबलं.

माझी आई माझ्याकडे यायची तेव्हा पाण्याचा थर्मास सोबत आणायची. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा तिचा नेम होता. मी त्या थर्मासला हसायचे. पण वर्गात बांडगूळ शिकवताना मला नेमकी तीच आठवायची. बांडगूळ दुसऱ्याच्या फांदीवर बसतं, दुसऱ्याच्या मुळांनी ओढलेलं पाणी पितं आणि वर टवटवीत दिसतं. लेकीच्या घरी कायमची राहणारी आई यापेक्षा वेगळी काय? तेव्हा चार दिवस राहायचं, सगळ्यांचं कौतुक करायचं आणि निघायचं. परतीचं तिकीट मी जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढलं होतं.

जळगाव

फेब्रुवारीत जळगावचं ऊन आमच्याकडच्या एप्रिलइतकं असतं, पण कोरडं. घाम येतो आणि तुम्हाला कळायच्या आत वाळूनही जातो. मधुराचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिने माझ्यासाठी म्हणून एक खोली आधीच लावून ठेवली होती. टेबलावर नवीन दिवा, भिंतीला पुस्तकांची रिकामी फळी. मी फळीकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

रात्रीच्या जेवणाला शेवभाजी होती. वर बोटभर लाल तर्री. मी आयुष्यभर नारळाच्या आधाराने जगलेली बाई. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्याला मी समोरचा अख्खा तांब्या तोंडाला लावला. लेकीच्या घरचं पाणी. आईचा नेम तिसऱ्या घासाला मोडला.

"आजी कुठे तरी वरून बघत असेल," मधुरा म्हणाली.

"तिला शेवभाजी वाढली असती तर तिनेही थर्मास संपवला असता," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी भांडी घासायला उठले. मधुराने हातातून घासणी काढून घेतली. सकाळी केर काढायला गेले तर केरसुणी लपवलेली. असं आयतं बसवून ठेवलं की माझं बांडगुळाचं गणित पक्कं होत जायचं.

धुळ्याच्या वाटेवर

शनिवारी नितीनच्या गाडीने त्याच्या गावाला निघालो. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की त्याच्या आईवडिलांचा मळा लागतो. वाटेत एका बांधावर म्हशी चरत होत्या आणि प्रत्येकीच्या मागे गायबगळे. माझ्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. मी नितीनला सांगितलं की म्हैस चालली की गवतातले किडे उडतात, ते बगळा खातो. बगळ्याचा फायदा, म्हशीचं ना नफा ना तोटा. याला सहभोजिता म्हणतात.

"म्हशीला विचारलं का कुणी?" नितीनने गाडी चालवता चालवता विचारलं. "माझ्या वडिलांकडे एक म्हैस आहे, बगळा दिसला नाही तर ती चरतच नाही."

जावईमाणूस असल्यामुळे मी वाद घातला नाही.

मळा

नितीनच्या वडिलांना सारं गाव आबा म्हणतं आणि आईला अक्का. आबा उंच, काटकुळे, कमी बोलणारे. माझ्याशी जपून शहरी मराठी बोलायचे. अक्का बुटक्या, सदा हसऱ्या, आणि बोलणं सगळं अहिराणी. लग्नात आम्ही एकमेकींना पेढे भरवले होते, त्यानंतर भेट आत्ताच.

"आज उंबराला फूल आलं म्हणायचं," आबा दारात म्हणाले.

"बठ्ठं घर तुमनंच शे," अक्का म्हणाल्या, म्हणजे सगळं घर तुमचंच, आणि माझी पिशवी माझ्या हातातून गेली ती थेट त्यांच्या खोलीत.

आबांचं खरं वैभव घरामागे होतं. एकरभर कांदा, पण बियाण्याचा. हिरव्या पोकळ दांड्यांवर चेंडूएवढाले पांढरे गोंडे, नजर जाईल तिथवर. आबांनी मला सांगितलं की बी टाकलं की पहिल्या साली नुसता कांदा होतो. तो काढायचा, ठेवायचा, दिवाळीच्या सुमारास पुन्हा पुरायचा, तेव्हा कुठे माघात त्याला असे गोंडे येतात. "बियापासून बियापर्यंत दोन हिवाळे जातात," ते म्हणाले. मी मान डोलावली. द्विवर्षायू वनस्पती. नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगितलेलं, आणि गोंडा मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

गोंड्यांवर मधमाश्यांची नुसती लगबग होती. मग काय, मी सुटले. आबांनी हरभऱ्याचं झाड उपटून दाखवलं तर मी मुळांवरच्या गाठी धरून जिवाणूंवर बोलले. शेवग्याच्या शेंड्यावर माव्याची कीड होती आणि मुंग्या तिच्याभोवती फिरत होत्या, त्यावरही बोलले.

"त्या मुंग्यांच्या म्हशी," आबा म्हणाले. "दूध काढतात आणि राखणही करतात."

माझं पाच मिनिटांचं व्याख्यान त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

भरीत

रविवारी माझ्या मानपानासाठी मळ्यात भरीत करायचं ठरलं. आमच्याकडे पाहुणा आला तर मासे; इथे वांगी. हिरवी, फुगीर, एकेक पावशेराच्या वर, खास बामणोदहून आणलेली. ती गॅसवर भाजणं म्हणजे वांग्याचा अपमान. कपाशीची बोंडं वेचून झाली की उरलेल्या वाळक्या झाडांना पऱ्हाट्या म्हणतात. त्यांच्या ढणढणत्या जाळावरच ती भाजायची.

नितीनने मोकळ्या जागेत, विहिरीजवळ पऱ्हाट्या रचल्या होत्या. अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. बांधाला एक जुना, डेरेदार उंबर होता. मी सहज म्हटलं, "इथे उन्हात कशाला? त्या उंबराखाली बसू या की. मला त्याची फळंही बघायची आहेत."

आबांनी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी नितीनकडे. मधुरा तेव्हा घरात भाकरी थापत होती. मग आबा म्हणाले, "बरं. विहीणबाई म्हणतात तर तिकडे." आणि नितीनला हळूच, "जाळ लहान ठेव."

मला वाटलं, झाडाला धग लागू नये म्हणून जपतायत. किती समंजस माणसं, असंही वाटलं.

वांगी भाजू लागली. मी खाली पडलेलं उंबर उचलून फोडलं आणि अक्कांना आतले चिलटाएवढे किडे दाखवले. म्हटलं, उंबराची फुलं फळाच्या आत असतात; हा किडा आत शिरतो, परागकण नेतो आणि तिथेच अंडी घालतो. किडा नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर किड्याला घर नाही. यापेक्षा सुंदर सहजीवन जगात नाही.

अक्का सगळं मन लावून ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष सारखं वर जात होतं. तेवढ्यात मधुरा भाकऱ्यांची टोपली घेऊन आली, तिने जाळ पाहिला, झाड पाहिलं, आणि टोपली खाली ठेवली.

"आई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "वर बघ."

मी वर बघितलं. एका आडव्या फांदीला हातभर लांबीचं काळपट काही तरी लोंबत होतं. दुरून दिसलं तेव्हा मी त्याला वाळकी साल समजले होते. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर 'निरीक्षण करा' असं लिहिणाऱ्या बाईने झाड पाहताना मान वर केली नव्हती. ते आग्या मोहोळ होतं आणि पऱ्हाट्यांचा धूर सरळ त्यात चालला होता. वरून विहिरीवरची मोटर चालू झाल्यासारखा आवाज आला.

"पळू नका," आबा म्हणाले. "आहात तिथे आडवे व्हा."

नितीनने बसायची गोधडी माझ्यावर टाकली आणि अक्कांनाही तिच्यात ढकललं. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघी विहिणी एका गोधडीखाली नाकाला नाक लावून पडून होतो. बाहेर घूं घूं चालूच. माझ्या वरच्या ओठाला एक माशी आधीच डसून गेली होती. अक्कांच्या हातात टोपलीतली एक कळण्याची भाकरी होती. ज्वारी-उडदाची, खमंग. त्यांनी अंधारात तिचे दोन तुकडे केले आणि अर्धा माझ्या हातात दिला. काय करणार, खाल्ला. ओठ सुजत होता तरी खाल्ला.

उंबर फोडून आतली केंबरं, म्हणजे चिलटं, काढू नयेत असं आपल्यात म्हणतात. मी अक्षरशः तेच केलं होतं, आणि तेही पाहुणी म्हणून जाऊन.

रविवार संध्याकाळ

मला दोन डंख, आबांना पाच, नितीनला तीन; अक्का नि मधुरा वाचल्या. अक्कांनी सगळ्यांना चुना लावला. माझा ओठ इतका सुजला होता की आरशात मला आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक दिसले. इथवर सगळं हसण्यावारी गेलं.

संध्याकाळी मी मळ्यात गेले तर आबा उंबराखाली टोपी हातात घेऊन उभे होते. फांदीला नुसतं रिकामं, पांढुरकं पोळं उरलं होतं. माश्या गेल्या होत्या.

मधुराने मग मला सांगितलं. ते मोहोळ तीन वर्षं त्या उंबरावर येत होतं. मध काढणाऱ्यांना आबांनी कितीदा परत पाठवलं होतं, कारण एकरभर गोंड्यांत बी भरायचं ते त्या माश्यांच्या जिवावर. गोंडे आत्ताच उमलायला लागले होते, अजून वीस दिवस माशी हवी होती. भाड्याने मधपेट्या मिळतात, पण त्या या दिवसांत सगळ्या आधीच ठरलेल्या असतात. माशी नाही तर बी पोचट. वर्षाची मेहनत मातीत.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"विहिणीला मानाच्या जेवणात नाही कसं म्हणायचं? इथे तसं कुणी म्हणत नाही."

आमच्याकडे असतं तर 'या, बसा' म्हणायच्या आधी ओरडले असते, की ओ बाई, वर आग्या मोहोळ आहे, डोळे फुटले काय. मला त्या रात्री आमच्या तोंडाळ माणसांची फार आठवण झाली. आणि एक हिशोब चुकल्याचंही लक्षात आलं. बांडगूळ निदान आल्या आल्या झाड वाळवत नाही. मी बांडगुळाहून वाईट निघाले होते. लाज वाटली, अगदी जीव नकोसा होईपर्यंत वाटली. उद्या सकाळी निघायचंच, म्हणून मी पिशवी भरून ठेवली.

पुढचे पाच दिवस

सकाळी आठला आबा दारात. चेहऱ्यावर पाच टेंगळं, पण आवाज नेहमीचा.

"बाई, तुमच्याकडे मऊ सुती कापड आहे का? अगदी मऊ लागतं."

ते कशाला हवंय हे मला लगेच कळलं. माझी दहा वर्षं धुतलेली घरातली साडी होती. मी ती पिशवीतून काढली, दातांनी काठ तोडला आणि टराटरा फाडून आठ तुकडे केले. नितीनने माझ्याकडे न बघता मोबाइलवर माझं तिकीट रद्द केलं. तो आणि मधुरा नोकरीसाठी जळगावला गेले, मी राहिले.

काम असं. नऊच्या सुमाराला दव सुकलं की फुलांतले परागकण मोकळे होतात. कापड हातावर गुंडाळायचं आणि ओळीतून चालत गोंड्यांवरून फिरवत जायचं. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात. जोर दिला तर दांडा मोडतो, दिला नाही तर पराग हलत नाही. बारा वाजेपर्यंत करायचं, मग उपयोग नाही. शिवाय एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, त्यामुळे आज केलेली ओळ दोन दिवसांनी पुन्हा करायची. माशी हे काम पगाराशिवाय करते आणि कंबर धरून मटकन बसत नाही.

पहिल्या दिवशी मी चार दांडे मोडले. आबा मागून आले, मोडलेले दांडे उचलले आणि म्हणाले, "ही ओळ तुमची." त्यांनी माझ्या साडीचीच एक चिंधी ओळीच्या टोकाच्या दांड्याला बांधली. एक अख्खी लांब ओळ माझ्या नावावर झाली. बाकीच्या ओळी त्यांनी, अक्कांनी आणि शेजारणींनी वाटून घेतल्या.

अक्का माझ्या शेजारच्या ओळीत असायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, की पोरगी एवढी बोलावते, तर राहत का नाही? मी हात फिरवत फिरवत त्यांना बांडगूळ समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या फांदीवर राहणं माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हटलं.

दहा-बारा गोंडे पुढे गेल्यावर अक्का म्हणाल्या, "मी बी चाळीस वरीस दुसराना घरमा ऱ्हास. तुमना पुस्तकमा मनं नाव काय शे?"

चाळीस वर्षांपूर्वी त्या या घरात आल्या, कुणाच्या तरी फांदीवर. आज ती फांदी, ते झाड आणि ती जमीन त्यांच्याशिवाय कुणी ओळखणार नाही. मी सहभोजिता, परजीविता, सहोपकारिता सगळं मनात चाळून पाहिलं. एकाही व्याख्येत अक्का बसेनात. अठ्ठावीस वर्षांत एकाही मुलाने मला असा प्रश्न विचारला नव्हता.

"पाहून सांगते," मी म्हटलं. त्या खूप हसल्या.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या हाताखालच्या गोंड्यावर एक माशी येऊन बसली. मी दगडासारखी उभी राहिले. मग दुसरी आली. पलीकडून अक्कांचा आवाज आला, अगदी शांत.

"माशी उनी."

आबा सायकल काढून गावात गेले आणि तासाने आले. माश्या गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन लटकल्या होत्या. तिथून गोंडे दिसत नसले तरी त्यांना वास पुरतो. टाकीखाली कुणी धूर करू नये म्हणून आबा पाच जणांना हात जोडून आले होते.

मला आनंद झाला, अगदी रडू येण्याइतका. आणि पाठोपाठ वाटलं, संपलं आपलं काम. जिचं काम ती आली. मी कापड धुऊन वाळत घातलं आणि पिशवी भरायला घेतली. आबा अंगणात आले.

"तुमची आजची अर्धी ओळ राहिलीय."

"आता माशी आली की, आबा."

"माशी तिचं बघेल. तुमची ओळ तुम्ही पुरी करा."

मी परत गेले. माझ्या ओळीत मी आणि माश्या बरोबरच काम करत होतो. त्या मला डसल्या नाहीत, मीही त्यांना व्याख्यान दिलं नाही.

चिपळूण

मधुराला मी 'नाही' म्हटलं नाही, 'हो'ही म्हटलं नाही. स्टेशनवर तिने विचारलंही नाही. नुसता अक्कांनी दिलेला उडदाच्या पापडांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. घरी आले, घर उघडलं, झाडलं. महिनाभर मी स्वतःशीच बोलत होते.

मे महिन्यात पार्सल आलं. आत माझ्याच साडीच्या तुकड्यात बांधलेलं मूठभर काळंभोर बी. पाठोपाठ मोबाइलवर आबांचा आवाज. "बाई, ही तुमची ओळ. बी भरलंय बरं. ह्यात तुमचं किती नि माशीचं किती ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेल्या. पण एक आहे, कांद्याचं बी साठवून चालत नाही, पुढच्या साली उगवत नाही. आणि तुमच्या लाल मातीत, एवढ्या पावसात ते जगायचं नाही. दसऱ्याच्या आसपास घेऊन या. रोप टाकू. वाफा धरून ठेवलाय."

मागून अक्का काही तरी म्हणाल्या. आबांनी तेही सांगितलं. "अक्का विचारते, पुस्तकात नाव सापडलं का?"

मी ती पुरचुंडी तळहातावर घेऊन बराच वेळ ओटीवर बसले. मग मधुराला फोन लावला.

"दसऱ्याला येते म्हणते. आबांकडे बी टाकायचंय."

"ये ना. किती दिवस?"

"गोंडे येईपर्यंत."

ती आता शेतकऱ्याच्या घरची झाली आहे, मनात महिने मोजत असणार. रोप, लावणी, कांदा, काढणी. मग पुन्हा दिवाळी, पुन्हा पुरणी, पुन्हा माघ.

"आई," ती जपून म्हणाली, "गोंडे येईपर्यंत म्हणजे जवळजवळ दीड वर्ष होतं. तुला माहीत आहे ना?"

"मला काय सांगतेस," मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं शिकवलंय. त्या फळीवर माझी पुस्तकं मावतील का तेवढं बघून ठेव."